कळवतो म्हणजे नाही

गोळी जिभेखाली असली की माणसाला बोलता येत नाही. बोलायला गेलं तर ती विरघळायच्या आत थुंकीबरोबर पोटात उतरते, आणि पोटात गेलेली गोळी निम्मी फुकट गेली, असं अमरावतीच्या औषध केंद्रातली सिस्टर रोज बजावते. म्हणून तिथल्या बाकावर सकाळची माणसं अशी तोंडं मिटून बसलेली असतात, जशी मयतीला बसावी. त्या मिटल्या तोंडांच्या ओळीत प्रीतम बसायचा, आणि त्याच्या वाटचं बोलायचं काम त्याची माय सुंदराबाई करायची. तशी गोळी नसली तरी तीच करायची.

सुंदराबाईला ओळखत नाही असं घर वस्तीत नव्हतं. बाई सोयरिकी जुळवायची. बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंत तिनं लावलेली लग्नं नांदत होती, आणि एखादं नांदत नसेल तर खोट नवरदेवात होती, तिच्यात नव्हती, हे ती स्वतःच सांगायची. शाळा तिनं दुरूनच पाहिली म्हणा ना. पण माणूस वाचायला अक्षर कशाला लागतं, चपला कुठे काढतो ते पाहिलं की पुरे, असं तिचं म्हणणं. आता अख्ख्या मुलखाचे मांडव घालणाऱ्या बाईचा स्वतःचा पोरगा तिशी उलटून बिनलग्नाचा, यावर कोणाच्या जिभेला खाज सुटायचीच. पण विचारणाऱ्याला असं उत्तर मिळायचं की तो घरी जाऊन गार पाण्यानं तोंड धुवायचा.

प्रीतम ट्रकवर होता. कापसाच्या गाठी घेऊन दूरदूर जायचा. एकदा गाठींवरून खाली पडला, कंबर गेली. दुखणं मरावं म्हणून कोणीतरी सुई टोचली, मग रोज टोचली. पुढे दुखणं गेलं आणि सुई राहिली. बाया आडोशाला कुजबुजायला लागल्या तेव्हा सुंदराबाई नळावर भर गर्दीत उभी राहिली अन् म्हणाली, "हो, माह्या पोट्ट्याले सुईची लत हाये. चोरी नाई, बिमारी हाये. दवा चालू केली. कोनाले अजून काही विचारायचं हाये का?" कोणाला काही विचारायचं नव्हतं.

तर त्या सकाळी प्रीतमच्या जिभेखाली गोळी होती, आणि दामिनी बाकापाशी येऊन उभी राहिली. केंद्रात दामिनीचं काम म्हणजे आलेल्या माणसाला पुढच्या मदतीशी जोडून द्यायचं. नुसत्या गोळीनं अंग शांत होतं, पण माणसाशी कोणीतरी बसून बोलावंही लागतं, आणि अमरावतीच्या केंद्रात तो बोलणारा माणूसच नव्हता. जागा कधीची रिकामी. म्हणून दामिनी एकेकाला चिठ्ठी देऊन अकोल्याच्या समुपदेशकाकडे पाठवायची.

"मावशी, अकोल्याहून काही ठरलं नाही अजून," ती हळूच म्हणाली. "ते म्हणाले, कळवतो."

सुंदराबाईनं पदर खोचला. "कोन म्हनलं?"

"यशोधन सर. तिथले समुपदेशक."

"तुह्याशी बोलले?"

"मेसेज आला."

"अन् हा परवा चिठ्ठी घेऊन गेला होता, तवा काय म्हनले? हा घुम्या मले धड सांगत नाई."

प्रीतमनं तोंड न उघडता बोटांची कात्री करून दाखवली.

दामिनीनं त्याचं उलगडून सांगितलं. "गोळी बंद करून ये, मग बसू, असं म्हणाले."

"अन् तुमच्या मॅडम काय म्हनतात?"

मॅडम म्हणजे डॉक्टर सरोजिनी. बाई वाईट नव्हती, पण नियमाला पक्की. "समुपदेशन सुरू झाल्याशिवाय आठवड्याच्या गोळ्या घरी देता येत नाहीत," दामिनी म्हणाली. "तोवर रोज इथंच येऊन घ्यायची."

"हे बराबर हाये बाप्पा!" सुंदराबाईचा आवाज चढला. "इकडच्या म्हनतात, बोलनं नाई तं गोयी नाई. तिकडचा म्हनते, गोयी हाये तं बोलनं नाई. अन् माह्या पोट्ट्यानं मधात उभं राहून नाचावं?"

तिचं घोडं अडलं होतं ते इथंच. चांदूर रेल्वेला तिच्या भावाच्या पोराचं, पिंटूचं, टायरचं दुकान. सोमवारपासून प्रीतमला कामावर घ्यायला तो तयार झाला होता. पण ट्रक उजाडताच येऊन उभे राहतात, दुकान तेव्हा उघडावं लागतं. आणि केंद्राचं दार उघडतं उन्हं वर आल्यावर. रोज अमरावतीत गोळी आणि रोज चांदूरला टायर, हे जमणारं नव्हतं. आठवड्याच्या गोळ्या घरी मिळाल्या तर जमत होतं. पिंटूनं स्वच्छ सांगितलं होतं, "आत्या, सोमवारी आला तं आला, नाई तं मी दुसरा पोट्टा लावतो." त्यात त्याचंही काय चुकलं?

आणि काम नसलं की प्रीतमचे पाय कोणत्या गल्लीकडे वळतात, हे सुंदराबाईला ठाऊक होतं. एकदा ती त्याच्या मागं मागं गेली होती.

"दामिनी, तू आजवर कितीक जनाले अकोल्याले धाडलं?"

"पुष्कळ."

"अन् त्याहीतले बोलायले बसले किती?"

दामिनी ओढणीच्या टोकाशी खेळायला लागली.

"तू स्वतः गेली का कधी तिथी? त्या मानसाचं तोंड पायलं?"

"आमचं काम पाठवायचं, मावशी."

"पाठवायचं!" सुंदराबाईनं साऱ्या बाकाकडे पाहून विचारलं. "मी जलमभर सोयरिकी जुळवून राहिली. पोट्ट्याच्याच हाती चिठ्ठी देऊन त्याले पोरीच्या दारात धाडला असता, 'हे घ्या, मीच नवरदेव, पसंत हाये का?' तं एक तरी लगन लागलं असतं का वो?"

सिस्टर फिसकन हसली. बाकावरच्या एकाला हसू आवरेना, तर त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, गोळी जाऊ नये म्हणून.

"अन् 'कयवतो' म्हंजे काय, ते मले नको शिकवू. पोरगी पाहून, पोहे खाऊन, पायरीवर चपला घालता घालता म्हनतात, 'कयवतो'. कयवतो म्हंजे नाई. नाई म्हनायची छाती नसते, म्हून कयवतो. माह्या बैठकीत हा शब्द चालत नाई. होय तं होय, नाई तं नाई. पन तोंडावर." तिनं दामिनीच्या दंडाला धरलं. "उद्या शनिवार. तू माह्यासंगं अकोल्याले चाल."

"मॅडमला विचारावं लागेल."

"विचार न. अन् त्या 'बघते' म्हनल्या, तं मले आत बोलाव."

मॅडमनी परवानगी दिली. त्यांना पटलं म्हणून दिली, असं दामिनी सांगते. सिस्टर म्हणते, दाराआडून आवाज आत जात होता म्हणून दिली.

दुसऱ्या दिवशी प्रीतमची गोळी विरघळली, आणि तिघं बडनेऱ्याला जाऊन गाडीत बसली. सुंदराबाईनं निळं पातळ नेसलं होतं. ते ती फक्त सोयरिकीच्या बोलणीला नेसायची, त्यामुळे वस्तीतल्या बायांनी वाटेत दोनदा विचारलं, "कोनाची पोरगी पाह्यले चालली वो?" तिनं सांगितलं, "पोरगी नाई. मास्तर पाह्यले."

डब्यात बसल्यावर तिनं दामिनीला समोर घेतलं, जशी नव्या सुनेला घ्यावी.

"चिठ्ठीत लिवते तरी काय तू?"

"समुपदेशनासाठी पाठवत आहे, असं."

"अन् गोयी चालूच राहनार, हे लिवते?"

"ते... ते त्यांना माहीत असायला पाहिजे ना."

"पाहिजे!" सुंदराबाई म्हणाली. "पोरीच्या बापाले वाटते, पोरगा शहरात घर घेईन. पोराच्या बापाले वाटते, पोरीचा बाप घेऊन देईन. कोनी कोनाले विचारत नाई, अन् लगन झाल्यावर दोघंबी कपायाले हात लावतात. आयक. पोराचे दोष आधी सांगायचे, गुन मंग. उलटं केलं का समोरचा म्हनते, फसवलं. अन् होकार आल्याबिगर तिथलं पानीबी प्यायचं नाई. पानी प्यालं का मानूस नरम पडते."

"इतक्या उन्हात?" दामिनीनं विचारलं.

"उन्हातच तं कस लागते."

दामिनी हसली आणि मग विचारात पडली. मूर्तिजापूर गेलं. रुळांच्या बाजूनं मध्येच हमरस्ता दिसायचा, त्यावर गाठी लादलेले ट्रक. प्रीतम त्या ट्रकांकडे पाहत होता. सुंदराबाईनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"तू काही बोलू नको तिथी. मी बोलतो. बोलनाऱ्याची माती इकते, न बोलनाऱ्याचे गहू इकत नाईत. तुह्ये गहू मीच इकतो."

प्रीतमनं तोंड खिडकीकडे वळवलं.

अकोल्याचं ते समुपदेशन केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक हॉल. हॉलच्या उघड्या दारातून आतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसत होत्या, गोलात मांडलेल्या. बाहेरच्या बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुंदराबाईनं बसता बसताच तिचं नाव, गाव, माहेर सारं काढून घेतलं. बाई कौशल्या, तेल्हाऱ्याकडची, भावासाठी आलेली.

"माह्या भावालेबी परतवलं," कौशल्या म्हणाली. "तोबी गोयीवर हाये. म्हनले, कयवतो. म्हून मीच येऊन बसली. पन आत जायची हिंमत होत नाई."

"बस इथंच," सुंदराबाई म्हणाली. "आत काय होते ते दार उघडं ठेवून आयकवतो तुले."

यशोधन सरांनी तिघांना आत बोलावलं. माणूस अकोल्याचाच, पण पुण्याला शिकून आलेला. बोलणं असं इस्त्री केलेलं. चष्मा पुसत त्यानं विचारलं, "बसा आजी. चहा घ्याल?"

"आजी नका म्हनू, माह्या पोराचं लगन नाई झालं अजून. अन् चहा नको. पानीबी नको."

तिनं दार सताड उघडं ठेवलं, खुर्ची ओढली, आणि सोयरिकीचं बोलावं तसं सुरू केलं.

"हा प्रीतम. आधी दोष सांगतो. याची कंबर मोडली अन् सुई लागली. घरातलं माह्या कानातलं गेलं, याच्या काकाची सायकल गेली. सोडतो म्हने अन् पुन्हा धरे, असं पुष्कळदा झालं. खोटं बोलते, पन नीट बोलता येत नाई, म्हून सापडते. आता गोयीवर हाये, अन् डॉक्टर म्हनतीन तवरोक गोयी चालूच राहीन. हे झाले आमचे दोष. आता तुमचे सांगा."

"माझे?" यशोधन सर चकित झाले.

"सोयरीक दोन घरची असते, सर."

बाहेर कौशल्या खुदकन हसल्याचं ऐकू आलं. सर हसले नाहीत. पण चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला, आणि उत्तर द्यायचं ठरवलेल्या माणसासारखे ते पुढे झुकले.

"बघा, माझ्याकडे येणारे बहुतेक जण कुठल्याही औषधाशिवाय सुटलेले आहेत. दर शनिवारी ते आत गोलात बसतात, एकमेकांना धरून राहतात. मागे एक जण असाच गोळी घेणारा आला. ते कळल्यावर गोलातल्या एका मुलाला वाटलं, आपण उगाच एवढं सोसलं. तो उठून गेला तो परत सुईवरच गेला. त्याच्या आईला मी काय सांगणार होतो?" ते थोडं थांबले. "आणि अमरावतीहून नुसती चिठ्ठी येते. मला तर वाटलं, गोळी सोडवायलाच पाठवताहेत, आणि ती जबाबदारी माझ्या गळ्यात टाकताहेत."

सुंदराबाईनं दामिनीकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे कसं, मांडवात नवरीच्या मामानं पाहावं तसं: ऊठ, आता तुझं काम.

दामिनीचा गळा सुकला होता, आणि पाणी तर प्यायचं नव्हतं. तरी ती बोलली. "नाही सर. गोळी सोडवायला नाही पाठवत. गोळी हाच इलाज आहे. ती घेऊन यांना नशा चढत नाही, अंगाची तगमग थांबते, एवढंच. मध्येच बंद केली तर पुष्कळ जण सुईकडे परत जातात, आणि तेव्हाची सुई जीवावर बेतते, कारण अंगाची सवय गेलेली असते. तुमच्याकडे पाठवतो ते... अंग थांबल्यावर मन कुठं ठेवायचं, त्यासाठी. हे मी चिठ्ठीत लिहायला पाहिजे होतं. फोन करायला पाहिजे होता. आता तोंडानं सांगते."

"हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," सर म्हणाले.

"तुमी इचारलंबी नाई," सुंदराबाई म्हणाली.

सर टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. मी यावर विचार करतो आणि तुम्हाला कळ..."

"थांबा!" सुंदराबाईनं हात असा वर केला की सर खरंच थांबले. "तो शब्द नका काढू. नाई म्हना, माही ना नाई. पन मले नका म्हनू, हिले नका म्हनू. याच्याकडं पाहा, अन् म्हना, 'प्रीतम, तू गोयी घेतं म्हून मी तुह्याशी बोलनार नाई.' म्हना न. एवढं म्हनलं का मी उठतो, परत तुमच्या दारात येनार नाई."

यशोधन सरांनी प्रीतमकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं, खरं तर. प्रीतम मान खाली घालून बसला होता, टायरवाल्याचे असावेत तसे जाडजूड हात मांडीवर ठेवून. सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. चिठ्ठीला नाही म्हणणं सोपं असतं, माणसाच्या तोंडावर म्हणणं तसं नसतं.

"मी याला एकट्याला भेटेन," ते शेवटी म्हणाले. "पण गोलात नाही. वेगळा बसेल. वेगळ्या वेळेला, बाकीचे यायच्या आधी."

दुसरी कोणी बाई असती तर तिनं पदर पसरून आभार मानले असते. त्या एका वाक्यानं सोमवारचं काम हाती येत होतं. पण सुंदराबाईच्या कानात एकच शब्द शिरला, आणि तो आत जाऊन जुन्या जखमेवर बसला.

"वेगळा?"

"तसं नाही, म्हणजे..."

"माह्या आज्याले लग्नाच्या पंगतीत गोठ्यापाशी बसवत. जेवन तेच, सर. वरन तेच, भाजी तीच. फक्त वाढायचं वरून, अन् बसायचं वेगळं. कोनी शिवी देत नव्हतं, सारे मोठ्या गोडीनं म्हनत, 'तुमी तिकडं बसा.' माह्या बापानं धम्म घेतला त्या दिवसापासून आमी ते जेवनच सोडलं. उपाशी राहिलो, पन गोठ्यापाशी नाई बसलो."

"बाई, इथं जातीचा काही प्रश्नच नाही," सरांचा चेहरा लाल झाला.

"जात नसन, गोयी असन. बसवनं तं तेच हाये! तुमची गोलातली पोरं कच्च्या घड्यावानी, आमच्या सावलीनं फुटतात, म्हून माह्या लेकानं मागच्या दारानं यावं अन् तोंड लपवून जावं? मंग त्याले तुमी शिकवनार काय, मान वर करायले? आडातच नाई, तं पोहऱ्यात कुठून..."

"आई, चूप बस."

आवाज मोठा नव्हता. पण तो प्रीतमचा होता, आणि त्यानं हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. दाराबाहेर कौशल्यासुद्धा हलायची थांबली.

"तू म्हनतं ते खरं हाये," प्रीतम म्हणाला. तो मायकडे पाहत नव्हता, सरांकडेही नाही, टेबलाच्या कडेकडे पाहत होता. "वेगळं नाई बसनार मी. पन आधी मले एका मानसाशी बोलायचं हाये. गोयीनं अंग थांबते, सर. डोक्यातलं नाई थांबत. गाठींवरून मी एकटा नव्हतो पडलो." तो अडखळला. "ते मी हिले सांगू शकत नाई. हिले सांगतलं का ही त्याच्या घरी जाऊन भांडून येईन नाई तं रडून येईन. मले भांडन नाई पाहिजे. मले सांगायचं हाये, बस."

सुंदराबाईच्या हातातला पदर सुटला. गाठींवरून आणखी कोणी पडलं होतं, हे तिला आज कळत होतं, एका परक्या माणसाच्या टेबलापुढे. कोण, ते विचारायला तिची जीभ टाळूपर्यंत आली. ती तिनं दातांमागं धरली. जीभ आवरायची, म्हटलं तर सोपं काम. पण एवढं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं.

यशोधन सरांनी आपली खुर्ची टेबलाच्या आडून काढून त्याच्या समोर आणून ठेवली.

"होय," ते म्हणाले. "प्रीतम, मी तुझ्याशी बोलणार. आजपासून. आणि पुढच्या शनिवारी गोलातल्या सगळ्यांना तुझ्यासमोरच विचारणार. त्यांना काय म्हणायचं ते तुझ्या तोंडावर म्हणतील, तुला काय म्हणायचं ते तू म्हण. ती मुलं फुटतील अशी मला भीती आहे, ती आजही आहे. पण विचारणार."

"अन् तुमी स्वतः काय म्हनान?" सुंदराबाईनं विचारलं. आवाज थोडा घोगरा होता, पण विचारलं.

"मी होय म्हणेन."

"मंग पानी द्या."

सरांनी ग्लास भरून दिला. दामिनीनं तर दोन ग्लास रिचवले. सरांनी पुन्हा विचारलं, "आता चहा?"

"चहा पुढच्या शनिवारी. हा गोलात बसला का. आज निम्मीच सोयरीक झाली."

"बरं," सर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "मग आता तुम्ही बाहेर बसा, मावशी. आणि दार लावून घ्या."

"दारबी?"

"दारही. इतक्या वेळात मी तुमच्या मुलाचं तोंड एकदाच उघडलेलं पाहिलं, आणि ते तुम्हाला गप्प करायला."

दुसऱ्या कोणाला तिनं यावर सोडलं नसतं. पण पोरगी पसंत पडल्यावर नवऱ्या मुलाला नि मुलीला दोन शब्द बोलू द्यावे म्हणून सगळे वडीलधारे उठून बाहेर जातात, ही चाल वस्तीत तिनंच पाडली होती. सगळ्यांना ओट्यावर हाकलून दारात पहारा द्यायला तीच बसायची. ती उठली. प्रीतमच्या खांद्यावरून हात फिरवावा असं तिला वाटलं, तो तिनं फिरवला नाही, फक्त त्याच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बाहेर दामिनीनं मॅडमला फोन लावला. "मॅडम, प्रीतमचं समुपदेशन सुरू झालं. आत बसलाय आत्ता. उद्याच आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायच्या ना?... हो... हो, सर स्वतः बोलतील तुमच्याशी... बघून कळवता?"

फोन दामिनीच्या हातातून कधी गेला ते तिलाही कळलं नाही.

"मॅडम, जयभीम. सुंदराबाई बोलून राहिली. होय का नाई?" तिनं ऐकलं. "नाई, मले सारं समजते. तुमचा नियम आमी पाळला. बोलनं सुरू झाल्यावर गोयी घरी, असंच म्हनलं होतं तुमी. कुलुपात ठेवीन, किल्ली माह्या गयात. म्हून इचारतो, होय का नाई?" पुन्हा ऐकलं. "होय म्हनल्या न? मोठ्यानं म्हना, ही दामिनी आयकून राहिली." तिनं फोन दामिनीच्या कानाला लावला, दामिनीनं मान डोलावली, आणि फोन परत मिळाला.

"मावशी, तुमच्यापुढे मॅडमचंही काही चालत नाही," दामिनी म्हणाली. "मॅडम हसत होत्या."

"हसू दे. होय म्हनून हसल्या." मग सुंदराबाईनं कौशल्याकडे बोट दाखवलं. "हिच्या भावाचं कुठं अडलं ते आता तू आयकून घे. अन् चिठ्ठी नको लिवू. सोमवारी त्याच्यासंगं तूच ये."

"येईन," दामिनी म्हणाली. कळवते नाही म्हणाली.

कौशल्या सरकून जवळ बसली आणि सांगायला लागली. दामिनी ऐकत होती. सुंदराबाई बंद दाराकडे पाहत होती. आतून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आवाज प्रीतमचा होता. थांबत होता, पुन्हा सुरू होत होता, एकदा तर फुटला आणि बराच वेळ आलाच नाही. तिचे पाय बाकाखाली हलले. दाराला कान लावायला चार पावलं पुरली असती.

ती उठली नाही.

"मावशी," कौशल्यानं मध्येच विचारलं, "आत काय बोलून राहिले असतीन वो एवढं?"

सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं, बोट आपल्या मिटल्या ओठांवर ठेवलं, आणि जिभेखाली गोळी असावी तशी ताठ बसून राहिली.